लाल फडके

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावे, जागा पुष्कळ आहे. या घराच्या कितीतरी गोष्टी तुम्ही ऐकल्या. तराजू दुरुस्तीचे हे दुकान कसे उभे राहिले ते ऐकले, भाऊ भावापासून कसे दुरावले नि शेवटच्या आजारात कसे एकमेकांचे पाय चेपत बसले तेही ऐकले. आजची गोष्ट त्या मानाने लहान, एका दुपारची आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळची. नाम घेते तीच जीभ आणि दुसऱ्याला नावे ठेवते तीही तीच. देवाने दोन दिल्या नाहीत. मग तिच्यावर पहारा बसवावा का, आणि बसवला तर पहारेकऱ्यावर कोण, हा प्रश्न मोठमोठ्यांना सुटलेला नाही. तोच प्रश्न त्या दिवशी एका आईच्या पदरात येऊन पडला. ती काय करते ते मन लावून ऐका.

रविवार होता. दुकानाचे शटर खाली होते आणि मागच्या कारखान्यात, एरवी जिथे तराजूच्या दांड्या घासतात त्या लांब टेबलाभोवती, घरची माणसे बसली होती. भांडायचे तर कारखान्यात, हा या घराचा जुना शिरस्ता. सासरे म्हणत, स्वयंपाकघरात भांडलात तर जेवण कडू होईल, बैठकीत भांडलात तर शेजारी कान लावतील. इथे निदान समोर वजने असतात, जरा तोलून बोलाल. सासरे जाऊन जमाना झाला, पण शिरस्ता टिकला. तोलून मात्र कुणी बोलत नसे.

टेबलाच्या टोकाला धाकटी बसली होती. धाकटी म्हणजे या घराची धाकटी सून. पन्नाशी उलटली, नवरा जाऊन अकरा वर्षे झाली, तरी धाकटीच. नवऱ्यामागे दुकानाचा गल्ला तिच्याकडे आला. काटा घेऊन आलेल्याची तक्रार ऐकायची, काट्याला फडके बांधायचे, फळीवर मांडायचा, दुरुस्त होऊन सरकारी शिक्का बसला की फडके सोडून मालकाच्या हाती द्यायचा. काम तिला आवडे. बिघडलेली वस्तू आपल्या पायाने दुरुस्तीला येते यात तिला देवाची काहीतरी खूण दिसे. माणसे कुठे येतात अशी?

सभा बोलावली होती थोरल्या दिरांनी, आणि ज्याच्यामुळे बोलावली तो अजून आला नव्हता.

तो म्हणजे धाकटीचा एकुलता एक मुलगा, तोळा. जन्मला तेव्हा प्रकृती तोळामासा. बाप त्याला रोज दुकानातल्या पारड्यात ठेवून वजन बघे, तेव्हापासून हेच नाव चिकटले. आता तिशीचा, अंगाने चांगला भरलेला, शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहणारा. तो ‘मापात पाप’ नावाचा ब्लॉग लिहीत असे. सुरुवात चांगली होती. कोणता दुकानदार काटा मारतो, कोणत्या पंपावर तेल कमी भरतात, हे तो पुराव्यासकट लिही. थोरले दीर गिऱ्हाइकांना फोन पुढे करून दाखवत, आमच्या पुतण्याचं आहे म्हणून. मग नदीपलीकडची माणसे पोटामागे या बाजारात आली, कडेकडेने बसून भाजी विकू लागली, आणि तोळ्याच्या लेखणीला वेगळेच वळण लागले. आधी एक दुकानदार खोटा असे, आता सगळे नदीपारचे खोटे ठरू लागले. वाचणारे वाढले. शेवटी एके दिवशी त्याने आपल्याच दुकानातल्या फळीचा फोटो टाकला. फळीवर ओळीने काटे, प्रत्येकाला लाल फडके. खाली लिहिले, हे सगळे नदीपारच्यांचे जप्त काटे आहेत, यांच्या रक्तातच खोट आहे, दिसतील तिथे यांची पारडी उलटी करा.

तिसऱ्या दिवशी बाजारात काही पोरांनी पारडी उलटी केली. एका बटाटेवालीच्या हातावर काट्याचा लोखंडी पाया आदळला.

सरकारने तेव्हा नुकताच नवा कायदा केला होता. द्वेष पसरवणाऱ्या ब्लॉगांसाठी एक मंडळ नेमले होते आणि ब्लॉग बंद करण्याचा अधिकार त्याला दिला होता. मंडळाचा माणूस शुक्रवारी दुकानात आला. सभ्य होता, पाणी प्यायला, आणि जाताना सांगून गेला की सोमवारी सुनावणी आहे, फडकी जी बाई बांधते तिने यावे, विचारायचे एवढेच की लाल फडक्याचा अर्थ काय. फडके दुरुस्तीचे असेल तर घरच्याच मुलाने ते जाणूनबुजून खोटे लिहिले असे होईल. तसे झाले तर ब्लॉग कायमचा बंद, शिवाय तुरुंग.

फडके दुरुस्तीचेच होते. धाकटीने स्वतःच्या हाताने बांधले होते. 

थोरल्यांनी सुरुवात केली ती सरळ. खरे ते सांगावे, म्हणाले, या दुकानात दुसरा माल कधी विकला नाही. त्यांची लेक सरकारी दवाखान्यात नर्स होती. बटाटेवालीचा हात तिनेच धुऊन बांधला होता, आणि योग असा की तेव्हा तिला ठाऊकही नव्हते की हे आपल्या चुलत भावाच्या लिहिण्यातून आले आहे. ती बापाच्या बाजूने बोलली, पण बापापेक्षा कडक. त्या बाईच्या उजव्या हाताची दोन बोटे आता वळणार नाहीत, असा ब्लॉग एक दिवसही चालू राहू नये, असे तिचे म्हणणे. काकू, तू नुसतं खरं सांगायचं नाहीस, बंद करा असं मागायचं, असे तिने धाकटीला बजावले.

त्यावर छापील आत्या खुर्चीत ताठ झाल्या. थोरल्यांची ही धाकटी बहीण. राग आला तरी त्यांची वाक्ये स्वल्पविरामासकट येत, म्हणून घरात त्या छापील आत्या. तरुणपणी त्यांचे छोटे वर्तमानपत्र होते. धरणाच्या भिंतीला भेग गेली आहे असे त्यांनी छापले आणि सरकारने छापखान्याला कुलूप ठोकले. ती भेग खरी होती हे पुढे साऱ्यांना कळले, ती कथा मागे होऊन गेली.

आत्यांचे म्हणणे असे की धाकटीने जाऊच नये. तोळ्याचे लिखाण वाचून त्यांना शिसारी आली होती, हे त्यांनी लपवले नाही. पण शिसारी येणे हा बंद करण्याचा निकष झाला तर जगात फार थोडे छापले जाईल. द्वेष कशाला म्हणायचे हे खुर्ची ठरवणार, आणि खुर्चीवरचा माणूस बदलत असतो. माझ्या वेळी भेगेबद्दल लिहिणे हाच सरकारचा द्वेष ठरला होता. आज मंडळ तोळ्याच्या दारात आहे म्हणून तुम्हाला बरे वाटते, उद्या ते कुणाच्या दारात जाईल?

नर्स म्हणाली, “आत्या, तुझ्या छापखान्याला कुलूप लागलं तेव्हा तुझी बोटं शाबूत होती.”

 आत्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. पोरगी चुकीचे बोलली नाही हे त्यांना कळत होते, आणि आपणही चुकीचे बोललो नाही हेही.

धाकटीची गत दोन्हीकडे सारखे वजन टाकलेल्या तराजूसारखी झाली होती. नर्स बोलली की वाटे हेच खरे. आत्या बोलल्या की वाटे हेही खरे. आणि या दोहोंच्या तळाशी एक तिसरी गोष्ट होती, तिला कुणी टेबलावर घेतले नव्हते: तुरुंगात जाईल तो आपल्या पोटचा.

एवढ्यात मागच्या दाराने तोळा आला. हेल्मेट खिडकीत ठेवले, आईच्या पायाशी वाकायचे का असा क्षणभर घोटाळला आणि नुसताच बसला. थोरल्यांनी वर बघितले नाही. याच पुतण्याला त्यांनी बापामागे शिकवले, दुकान पुढे याचेच, असे चारचौघांत सांगितले. आता ते अंगठ्याने टेबलाची कड घासत बसले.

तोळा आवाज चढवून बोलणाऱ्यांतला नव्हता. तो म्हणाला, तुम्ही सगळे मला खोटारडा ठरवून बसलात, पण मी खोटे लिहिलेले नाही.

“लाल फडकं म्हणजे जप्त काटा. बाबांनी मला शिकवलंय.”

धाकटी म्हणाली, “जप्त नाही रे. दुरुस्तीचं. मीच तर बांधते.”

“आई, मी सातवी-आठवीत असताना सुटीभर इथंच बसायचो. निरीक्षक धाड घालून खोटे काटे आणायचे, खटला निघेपर्यंत आपल्याकडे ठेवायचे. त्यांना लाल. दुरुस्तीला निळं. बाबा म्हणायचे, निळं दिसलं की मान दे, तो माणूस स्वतःहून आलाय.”

धाकटीला आधी वाटले पोरगा नवीन काहीतरी रचतो आहे. तिने थोरल्यांकडे पाहिले. थोरल्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवर थांबला होता. आत्यांकडे पाहिले, तर त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. नर्सने मान खाली घातली. आणि मग तिला हळूहळू कळले.

नवरा गेल्यावर काही दिवसांनी ती पहिल्यांदा गल्ल्यावर बसली. कुणी तिला काही शिकवले नव्हते, शिकवायला हवे हे तिच्या त्या चेहऱ्याकडे बघून कुणाला सुचलेही नव्हते. निळी फडकी संपलेली होती. तिने जुना लाल पडदा फाडला आणि दुरुस्तीच्या काट्यांना बांधत गेली. संध्याकाळी थोरल्यांनी ते पाहिले. वहिनी पहिल्यांदाच कामात रमली होती, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाशी हसून बोलली होती. त्यांच्याने चूक सांगवेना. त्यांनी गुपचूप जप्त काटे कपाटात हलवले, त्यांची लाल फडकी काढून टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानाचा नियमच फिरवला. घरात सगळ्यांना हळू आवाजात सांगून ठेवले. सांगायची राहिली ती धाकटी, आणि तेव्हा दूर वसतिगृहात शिकणारा तोळा.

थोरल्यांनी हे आता तुटक तुटक सांगितले. लग्न झालेल्या मुलीपुढे बापाने रडू नये म्हणून असेल, मध्येच उठून नळाचे पाणी प्यायले.

“म्हणजे घरात माणसं इतकी आणि एका फडक्याचा अर्थ कुणी कुणाला विचारायचा नाही,” नर्स हळूच म्हणाली. कुणी हसले नाही, तरी हवा जरा सैल झाली.

धाकटीला राग आला नाही. अकरा वर्षे या माणसांनी तिला तळहातावर ठेवले, आणि त्या तळहातावर तिची चूकही जपून ठेवली. माया होती ती. पण मायेच्या बोटानेही काटा हलतोच, हे तिला, काट्यांमध्ये आयुष्य गेलेल्या बाईला, आज समजले.

टेबलाभोवतीची माणसे आता इकडची तिकडे झाली. थोरले म्हणू लागले की मग पोराची चूक प्रामाणिक होती, दोष आपला, उद्या वहिनींनी तेच सांगावे. जो माणूस मघाशी खरे ते खरे म्हणत होता त्याला वाचवायला एक खरे सापडले होते, आणि त्याने ते दोन्ही हातांनी धरले. नर्ससुद्धा गप्प झाली. आणि ज्या आत्या तोळ्याच्या बाजूने लढत होत्या, त्यांनीच आता खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“नियम बदललाय हे तुला कधी कळलं?”

तोळ्याने खिडकीतल्या हेल्मेटकडे पाहिले. मग म्हणाला, फोटो टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला होता, लाल आता दुरुस्तीचे असते म्हणून.

“बाजारात पारडी उलटली त्याच्या आधी.”

“हो. आदल्या दिवशी.”

“आणि तू काय केलंस?”

तो समजावून सांगू लागला. तोपर्यंत ते हजारोंनी वाचले होते, एकाने दुसऱ्याला पाठवले होते. मागे घेतले असते तर लोक म्हणाले असते याला विकत घेतला. शिवाय एक फोटो चुकला म्हणून सगळे म्हणणे चुकत नाही. पारडी उलटी करा हा तर अलंकार होता, भाषेत असे बोलतातच. मी काय कुणाला लोखंड उचलायला सांगितले? आणि आता दुरुस्ती छापायची म्हटले तर या कायद्यामुळेच छापता येत नाही. मंडळाच्या भीतीने लिहिले असेच सगळे म्हणतील. कायदा नसता तर मी केव्हाच लिहिले असते.

 आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणसाला कधी कधी घाण वाटते, तसे आत्यांचे झाले असावे. म्हणाल्या, “मंडळ दारात आलं नव्हतं तेव्हा रात्रभर तुझ्याकडे वेळ होता रे. मी धरणाच्या भिंतीवर चार वेळा चढले होते, भेगेत बोट घालून बघायला. मला छापायची मोकळीक हवी होती. तुला न बघायची हवी आहे.” आणि तरीही, मंडळाने ब्लॉग बंद करू नये हेच माझे मत आहे, असे त्यांनी शेवटी जोडले, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला.

तोळ्याने मग कुणाकडे पाहिले नाही. आईजवळ स्टूल ओढले. लहानपणी ताप आला की बोले तशा आवाजात बोलला.

“आई, उद्या खोटं काहीच सांगू नकोस. फक्त पहिलं अर्धं सांग. लाल म्हणजे जप्त असायचं, ह्याला तेच माहीत होतं. काकांच्या फोनचं कुणी विचारणार नाही.”

अर्धेच. खोटे एक अक्षरही नाही. धाकटीने आपल्या पोराच्या हाताकडे पाहिले. बापासारखीच लांब बोटे, लिहिणाऱ्याची. ती म्हणाली, तू आज लिही. इथे, माझ्यासमोर बसून लिही, की मी चुकलो, मला कळले होते, मी गप्प बसलो. मग उद्या मी काय बोलते याला किंमतच उरणार नाही. त्याने मान हलवली. तिने पुन्हा विचारले. त्याने पुन्हा हलवली.

“मग मी सगळं सांगणार,” ती म्हणाली. “माझं फडकं, भावजींचा फोन, तुझी रात्र. सगळं.”

तोळा उठला. हेल्मेट घेतले. दाराशी थांबून म्हणाला, “उद्या तिथं माझी आई म्हणून जाणार आहेस, की दुकानातली बाई म्हणून?”

“दोघी एकच आहेत रे. दोन असत्या तर एकीला घरी ठेवून गेले असते.”

तो गेला. त्याच्या गाडीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. थोरले म्हणाले, वहिनी, मीही येतो. ती नको म्हणाली. देवापुढे दिवा लावायची वेळ झाली होती; ती उठली, आणि त्या दिवशी तिने देवाकडे काही मागितले नाही, नुसती उभी राहिली.

सोमवारी मंडळाच्या कचेरीत तिला फार थांबावे लागले नाही. खोली छोटी होती, रंगाचा वास येत होता. समोर तिघे: एक निवृत्त न्यायाधीश, एक शाळेच्या बाईंसारख्या दिसणाऱ्या बाई आणि संगणकावर सगळे टिपून घेणारा एक तरुण. माणसे वाईट नव्हती. तिला बसायला सांगितले, पाणी दिले. तोळा आला नव्हता. त्याचा वकील आला होता.

तिने सगळे सांगितले. निळ्या फडक्यांपासून सुरुवात केली, लाल पडदा सांगितला, दिराची माया सांगितली. वकिलाचा चेहरा उजळला. मग तिने फोनचे सांगितले आणि वकिलाने लिहिणे थांबवले.

न्यायाधीशांनी विचारले, हा ब्लॉग बंद व्हावा असे तुम्हाला वाटते का. वास्तविक हा प्रश्न तिला विचारायचा नव्हता, पण बाई इतके सरळ बोलत होती की त्यांना राहवले नाही.

धाकटीने विचार केला. म्हणाली, “साहेब, बिघडलेला काटा मी कपाटात लपवला तर तो सुधारत नाही. फळीवर सगळ्यांसमोर राहिला, तर निदान लोकांना कळतं की हा चुकतो. त्याचं लिहिलेलं राहू द्या, आणि मी आता सांगितलं ते त्याच्या डोक्यावर छापा, तेवढ्याच अक्षरात. वाचणाऱ्याला दोन्ही दिसू देत. पण पारडी उलटी करा, हे काढा. ते बोलणं नव्हतं. तो धक्का होता.”

शाळेच्या बाईंसारख्या बाई हळूच म्हणाल्या की नियमात तशी सोय नाही. एक तर पूर्ण ब्लॉग बंद, नाहीतर काहीच नाही. तरुणाने मात्र तिचे बोलणे जसेच्या तसे टिपून घेतले. निकाल कळवू, असे सांगून त्यांनी तिला सोडले.

बाहेर व्हरांड्यात बाकावर एक बाई बसली होती. उजवा हात मांडीवर, पट्टी मळलेली, पाठीत ताठ. धाकटीने तिला ओळखले. पाय निघून जायला बघत होते. तिने त्यांना जाऊ दिले नाही, ती बाकावर बसली.

बटाटेवाली म्हणाली, मला सकाळपासून बसवले आहे, आता सांगतात की विचारायची गरज नाही, हाताला लागले हे सगळ्यांना मान्यच आहे. तिच्या बोलण्यात नदीपलीकडचा हेल होता. मग विचारले, तुम्ही आत कशाला गेला होतात?

“ज्याने लिहिलं तो माझा मुलगा.”

बटाटेवालीने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिले. शिवी येईल, थुंकेल, उठून जाईल, असे धाकटीला वाटले, आणि यातले काहीही आले तर तिने ते घेतले असते. तसे काही झाले नाही.

“मग तुम्हीच सांगा,” बटाटेवाली म्हणाली. “माझ्याकडे तसला फोन नाही. पोरांना म्हणते वाचून दाखवा, ती दाखवत नाहीत. दवाखान्यात विचारलं, नर्सबाई गप्प. आत दार लावून वाचतात. अख्ख्या गावाने वाचलंय आणि मी तेवढी राहिलेय. काय लिहिलं होतं माझ्याबद्दल?”

धाकटीला ते पाठ होते. इतक्या वेळा वाचले होते की नको असताना पाठ झाले होते. तिने सांगितले. मथळ्यापासून सांगितले. रक्तातच खोट आहे, हे वाक्य आले तेव्हा तिची जीभ अडखळली. काहीतरी सौम्य सुचतही होते, पण तिने शब्द बदलला नाही. आपल्या पोराचे एकेक वाक्य आपल्या तोंडाने, ज्या माणसाबद्दल ते लिहिले त्याच्या तोंडावर, तिने उच्चारले. हे काम तोळ्याने कधी केले नव्हते. त्याच्या हजारो वाचकांतही कुणी केले नव्हते. शेवटचे वाक्य सांगून झाल्यावर तिला हुंदका आला नाही. ती फार दमली होती.

 बटाटेवाली पट्टीचे सुटलेले टोक डाव्या हाताने आत खोचत राहिली.

“बरं झालं कळलं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, मी काहीतरी केलं असेल.”

मग उठताना म्हणाली, “त्याला सांगा, एकदा येऊन माझ्याकडून बटाटे घेऊन जा म्हणावं. वजन वाटेल तिथे करून बघ. कमी भरले तर लिही, माझं नाव घालून लिही. फुकट नाही देणार पण.”

आणि गेली.

पुढे निकाल लागला. कळल्यावरही गप्प बसला म्हणून ब्लॉग बंद झाला, लिहिताना ठाऊक नव्हते म्हणून तुरुंग टळला. छापील आत्यांनी बंदीविरुद्ध लांबलचक लेख लिहिला, तो चांगला होता. नर्सने दवाखान्यातल्या बायका जमवून कायदा आणखी कडक करा असा अर्ज नेला, तोही चांगला होता. दोघी एकमेकींशी बोलत होत्या, फक्त या विषयावर नाही. तोळा म्हणे दुसरीकडे कुठे दुसऱ्या नावाने लिहितो. धाकटीने शोधले नाही, पण बटाटेवालीचा निरोप त्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन, दार बंद असताना, मोठ्याने सांगून आली. दार उघडले नाही. आत कुणीतरी होते, कारण पंखा चालू होता.

तर श्रोतेहो, हा वाद असा एका कथेत मिटणारा नाही. तुम्ही घरी जाल, जेवताना बोलाल, कुणी मंडळाची बाजू घ्याल, कुणी मोकळिकीची. घ्या, देवाने बुद्धी दिली ती त्यासाठीच. बोलताना तोळ्याचे नाव निघेल, आत्यांचे निघेल, कायद्याचे तर निघेलच. माझी विनंती एवढीच, की बाजाराच्या वळणावर जी डाव्या हाताने पारडे उचलते, जिला कुणी काही विचारले नाही आणि जिला इतके दिवस वाटत होते की आपलेच काही चुकले असेल, त्या बटाटेवालीची आठवण ठेवा.